सर्वांना पाठवा

हडर्सफील्डचं वाचनालय, मंगळवारची दुपार.
रेडिएटरवर ओले हातमोजे पसरून
मिसेस ओल्डरॉइड पर्समधून कागद काढतात,
चार घड्यांचा, औषधाच्या चिठ्ठीसारखा.
"बघतेस का जरा, लव?"
(लव त्या सगळ्यांनाच म्हणतात, बसवाल्यालासुद्धा.)

पानभर कॅपिटल अक्षरं,
जणू जिन्यावरून कुणी बोंबलतंय:
'हिरवा पतंग' नावाची मेल उघडू नका!!!
उघडलीत तर हार्ड डिस्क जळून खाक!!!
एका बड्या कंपनीनं कालच जाहीर केलंय,
यावर औषध नाही,
ओळखीच्या प्रत्येकाला पाठवा,
आत्ताच्या आत्ता.

मी खुर्ची ओढते, पेन्सिलीनं 'काल'भोवती गोल करते.
कुठला काल? तारीख कुठंय?
मागच्या हिवाळ्यात हेच मला आलं,
तेव्हाही ते कालच होतं.
कंपनी बडी, पण तिला ना नाव ना पत्ता.
आणि शेवटची ओळ बघा, मी म्हणते,
खरा रोग कधी विनवण्या करतो का?
तो आपला आपण पसरतो.
याला मात्र तुमचे हात लागतात.

बोलता बोलता मी इचलकरंजीला जाऊन येते.
चौथीत होते. दाराच्या फटीतून एक पोस्टकार्ड:
अकरा जणांना लिहा, लॉटरी लागेल,
फाडणाऱ्याची म्हैस दगावली.
आमच्याकडे म्हैस नव्हती.
तरी आईनं अकरा कार्डं आणवली,
आणि मी बोटं निळी करून
ती मेलेली म्हैस
अकरा घरांच्या दारात बांधून आले.

"ते मला गुरुवारीच कळलं होतं," मिसेस ओल्डरॉइड म्हणतात.
"तीस वर्षं गिरणीच्या ऑफिसात टपाल फोडलंय मी."
मग बोट वर नेतात,
जिथं मी पाहिलंच नव्हतं:
पत्त्यांची रांग, बासष्ट जण.
"हा एकोणचाळिसावा, माझा.
आणि हा पाठवणारा, डेरेक.
ऑकलंडला असतो.
मार्चनंतर आलेलं हे पहिलंच."

पेन्सिल माझ्या हातात तशीच.

"विचारायचं होतं ते इतकंच,
खोटं आहे एवढं कळवून थांबायचं,
की त्याखाली
आणखी काही लिहिलेलं चालतं?"

मशीनची वेळ संपायला अकरा मिनिटं.
एका बोटानं, चष्म्यावरून, अक्षर शोधत शोधत
त्या लिहितात: डेरेक, ही थाप आहे, घाबरू नकोस.
मग थांबतात.
मग: नाशपातीचं झाड पाडावं लागलं.
मग: तुझी सायकल अजून शेडमध्येच आहे.

तीन मिनिटं उरतात. माउसचा बाण थरथरत
'सर्वांना उत्तर'वर येऊन थांबतो.
मी त्यांच्या हातावर हात ठेवते,
आणि तो हळूच सरकवते,
नुसत्या 'उत्तर'वर.