ओल्शुव्का

सप्टेंबर ते नोव्हेंबर, सोमवारी आणि गुरुवारी
मी आरोग्यखात्याच्या तळमजल्यावर बसते.
एक टेबल, एक चाकू, झाकणाची बादली, शिक्का.
पोडलाशेच्या जंगलातून लोक टोपल्या आणतात,
मी सांगते, काय घरी न्यायचं आणि काय बादलीत.

लाल टोपीवर पांढरे ठिपके, ती कुणीच आणत नाही.
ती पोरांच्या चित्रांत असते, नाताळच्या कार्डांवर.
बिचारीनं आपल्या विषाची दवंडीच पिटलेली.
माझा व्यवहार तपकिरी रंगाशी.
पावाच्या, पाचोळ्याच्या,
धुऊन धुऊन विटलेल्या कोटाच्या रंगाशी.

हिएरोनिम ओनिश्चुक सायकल दाराला टेकवून आले.
टोपलीत सगळी एकच जात,
भूर्जाखालची, नाल्याकाठच्या ओल्शांखालची.

ही बघा, मी म्हणाले. कडा आत वळलेली,
उघडता उघडता थांबलेल्या मुठीसारखी.
कडेला मऊ लव.
खालच्या पट्ट्या देठावर उतरतात,
अंगठ्यानं ढकलल्या की साय सरकावी तशा सरकतात.
आणि जिथे बोट लागलं तिथे, थांबा,
उमटला बघा माझा ठसा, गर्द तपकिरी.
हिला हात लावलेला ही विसरत नाही.

"ओळख करून द्यायला नको," ते म्हणाले.
"लेओकादियानं चाळीस वर्षं शिजवली.
दोनदा उकळायची, पाणी कुंपणापलीकडे फेकायची,
मग कांदा, मिरे, आंबट साय.
तुमच्याच लोकांनी लिहिलं होतं, खा म्हणून."
टोपलीच्या तळातून, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं,
एक जुनं पुस्तक निघालं.
पानावर लोण्याचा डाग, आणि छापलेलं होतं खरंच:
शिजवून खाण्याजोगी.
माझ्यासारख्याच कुणा बाईनं लिहिलं असेल,
अशाच एखाद्या टेबलाशी बसून.

मग मला समजतं तेवढं मी समजावलं.
की ही सहसा एका ताटात मारत नाही.
शरीर पहिल्यांदा पोटात घालतं,
दुसऱ्यांदा घालतं, विसाव्यांदा घालतं,
आपण समजतो, माफ झालं.
रक्त मात्र कुठेतरी खूण करून ठेवतं.
आणि एका रविवारी, त्याच पातेल्यातल्या
त्याच चवीच्या जेवणानंतर
ते स्वतःच्याच पेशींना परकं म्हणतं
आणि फोडत सुटतं.
सगळ्यांचं नाही.
कुणाचं, ते आधी कळत नाही.

त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.
"गेल्या ऑक्टोबरात गेली," म्हणाले.
"मी तेच खाल्लं. मला काही नाही."
बाहेर कुणाचा तरी कुत्रा सायकलीवर भुंकत होता.
"एक विचारायचं होतं. कितवं ताट, ते कळतं का?
कारण एकदा, धाकटीच्या बारशाला,
ती नको म्हणत होती. पोट भरलंय म्हणाली.
मीच वाढलं. आग्रह केला.
पाहुण्यांसमोर गंमत म्हणून, माझ्या चमच्यानं.
ते एक त्यात धरलं जातं का?"

अशा प्रश्नाला माझ्याकडे शिक्का नाही.
मोजता येत नाही, मी म्हणाले. ते खरं आहे.
सगळीच धरली जातात, असंही म्हणता आलं असतं.
तेही खरं आहे.

त्यांनी मान हलवली, हिशेब पटल्यासारखी
किंवा न पटल्यासारखी,
आणि एकेक उचलून स्वतःच बादलीत ठेवू लागले,
टाकले नाहीत, ठेवले,
प्रत्येकीवर पाच बोटांच्या खुणा काळवंडत असताना.
पुस्तक टेबलावर राहिलं.
मी हाक मारली नाही.

पुढच्या बाईनं टोपली समोर सरकवली:
कुर्क्या, पिवळ्याधमक, जर्दाळूचा वास,
आंधळ्यानंही ओळखाव्यात अशा.
"नक्की ना?" तिनं विचारलं.
माझा अंगठा अजून तपकिरी होता.
शिक्का उचलायला मला जरा वेळच लागला.