निसणा

टोमॅटो चिरायला घेतला, तो चिरडला.
बिया ओट्यावर, रस मनगटावरून कोपरापर्यंत,
आणि सुरी कोरडी ठणठणीत,
जणू तिचा काही संबंधच नाही.

नरसम्मा भिवंडीला जाऊन बावीस दिवस झाले,
लेकीचं दुसरं बाळ सांभाळायला.
मीठ कुठं, शेंगाचटणीची बरणी कुठली,
नळाला पाणी कुठल्या दिवशी, सगळं सांगून गेली.
सुरीचं तेवढं राहिलं.

मी यंत्रमागावर जॉबर होतो, अडतीस वर्षं.
चोवीस मागांच्या खडखडाटात
कुठला बिघडलाय ते कानानं सांगायचो.
घरातली सुरी बोथट झालीय
हे मात्र टोमॅटोनं सांगावं लागलं.

मंगळवार पेठेत शिवशरणअप्पाचं भांड्यांचं दुकान.
निसणा आहे का, म्हटलं तर हसला,
"लई दिवसांनी ऐकला शब्द."
काउंटरवर तीन वस्तू मांडल्या.
एक प्लास्टिकची, मधे खाच. सुरी घालायची, ओढायची, झालं.
"सोपं आहे, पण पोलाद खातं. वर्षात सुरीची सळई होते."
दुसरा लांब दांडा. "हा खानावळवाले नेतात,
धार असली तर टिकवतो, गेलेली आणत नाही."
तिसरा दगड. एक अंग करडं, एक तांबूस,
वर्तमानपत्रात गुंडाळलेला, अर्ध्या विटेएवढा.
"याला पाणी लागतं, वेळ लागतो, आणि हात लागतो."

पाणी पाचव्या दिवशी येतं.
वेळ आहे, ढीगभर.
हाताचं मी बोललो नाही.

"सुरी कसली आहे?"
"भाजीची."
"तसं नव्हे. नरम की कडक? धार एका अंगानं की दोन्ही?"
मी पंख्याकडं बघितलं.
"घेऊन या की उद्या."

दुसऱ्या दिवशी सुरी टॉवेलात गुंडाळली, चौकड्याच्या,
आणि सिटी बसमध्ये मांडीवर धरून बसलो.
टॉवेल जरा सरकला. शेजारची बाई जरा सरकली.
टोमॅटोसाठी आहे हो, असं म्हणावंसं वाटलं,
पण तेही बरं दिसलं नसतं.
दोन थांबे आधीच उतरलो. ऊन मरणाचं.

अप्पानं सुरी दाराच्या उजेडात धरली,
अंगठा आडवा फिरवला.
"ही आठवड्याला घासलेली आहे. नेमानं. एकाच अंगानं.
घरातली माणसं डावखुरी आहेत का?"

विड्या वळायची ती, लग्नानंतर वीस वर्षं,
रोजच्या हजार.
सुपात पानं, पदरात तंबाखूची धूळ,
कात्रीचा आवाज तर आत्ताही येतो मला.
कात्री कुठल्या हातात होती?
दुकानात उभा राहून मी हवेतच पान कापून बघितलं,
आधी उजव्या हातानं,
मग डाव्या.
अप्पा दुसऱ्या गिऱ्हाइकाला कुकरची शिटी दाखवू लागला.

फोन लावला. मागं बाळ रडत होतं.
"सुरीला धार कशावर लावतेस?"
"अय्यो, कपाच्या बुडावर. तुमच्याच. निळ्या फुलांच्या.
का, काय झालं?"
"काय नाही."
"हात कापला का?"
"नाही गं. जेवलीस का?"

घरी येऊन कप पालथा घातला.
सकाळचा तळाचा चहा ओट्यावर सांडला.
बुडाला खडबडीत कडं, त्यावर करड्या रेघा,
बारीक, दाट, सगळ्या एकाच बाजूला कललेल्या.
मागाच्या भाषेत सांगायचं तर
नुसता बाणा, ताणा नाहीच.
किती वर्षं मी या निसण्यातून चहा पितोय,
आणि बशीत ठेवताना तो खर्रकन वाजला
की कप जुना झाला म्हणून कुरकुर करतोय.

दगड घेतला होताच. एकशे ऐंशी रुपये.
पातेल्यात बुडवला. त्यातून बुडबुडे आले,
बराच वेळ येत राहिले.
तो तसाच राहू दिला.

रात्री सुरी कपावर घासली, डाव्या हातानं.
पाच-सहा वेळा घसरली.
एक टोमॅटो घेतला.
साल आधी अडली,
मग सुटली.