पितळी गुंड्या

बाबांच्या सत्तरीला तेरा दिवस उरले तेव्हा
मी जुन्या कपाटाचं दार उतरवलं
आणि त्यावर वालपाराइसो आखलं.
वरून नाही, खालून, बंदरापासून,
कारण बाबा शहर तसंच सांगतात:
आधी समुद्र, मग मासळीबाजार, मग पायऱ्या,
मग आणखी पायऱ्या,
मग ज्यांच्या गुडघ्यांनी हात टेकले त्यांच्यासाठी लिफ्ट.

एकतीस वर्षं ती लिफ्ट त्यांनी चालवली.
टेकडीच्या उतारावर रुळांवरून तिरपी चढणारी
लाकडी खोली;
एक वर यायची तेव्हा दुसरी खाली जायची,
एकाच दोराची दोन टोकं.
आता दोर बंद आहे, गुडघेही.
बाबा टेकडीच्या माथ्यावर राहतात
आणि बंदर दुर्बिणीतून बघतात.

बेचाळीस घरं. प्रत्येक घरात तांब्याच्या दोन पट्ट्या,
मध्ये केसाएवढी फट.
सोंगट्या म्हणून त्यांच्या गणवेशाच्या गुंड्या, अस्सल पितळी.
गुंडी ठेवली की फट बुजते,
वीज पलीकडे जाते,
त्या घराचा दिवा लागतो.
हे सुचलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते
आणि शाबासकी द्यायला कुणी जागं नव्हतं.

कोटाच्या खिशात अर्धं तिकीट होतं
आणि कागदाला चिकटलेली पेपरमिंटची गोळी.
दोन्ही होतं तिथे ठेवलं.

सोल्डरिंगने बोट भाजलं. धूर पडद्यांत जाऊन बसला.
एक घर काही केल्या लागेना.
चार वेळा तारा उसवल्या, चार वेळा जोडल्या.
दोष तारेत नव्हताच,
गुंडीवर एकतीस वर्षांच्या अंगठ्याचा थर होता.
लिंबू, मीठ, जुना ब्रश.
घासताना उगाच चोरी केल्यासारखं वाटलं.

प्रोग्राम म्हणजे नुसती जर-तरची भाषा.
जर घर सात, तर लिफ्टची घंटा, तर थेट तेवीस.
जर घर एकतीस, तर लुसमिरामावशीचा कुत्रा, तर पाच घरं मागे.
जर घर बारा, आई शिवत बसायची ती खिडकी,
तर
इथे मी कर्सर बराच वेळ लुकलुकू दिला.
शेवटी लिहिलं: तर काही नाही.
दिवा जरा सावकाश विझव.

घंटा मात्र साधली नाही.
बझरमधून निघायची ती डासाची तक्रार.

बाबांनी पट हातात घेतला, उलटा केला,
आधी त्याचं पोट पाहिलं.
'कुणी केलं?'
'मी.'
'हं.'
(त्यांच्या हं-चे सहा अर्थ आहेत. हा मी दोनदाच ऐकलाय.)

पहिलाच आकडा सात पडला. बझर किरकिरला.
'ही घंटा?' म्हणाले, आणि स्वतःच तोंडाने
टण्ण केलं, खोल, ओलसर,
की लुसमिरामावशी दाराकडे वळून पाहायला लागली.

मी त्यांची गुंडी तेवीसवर न्यायला गेले.
त्यांनी वर तळहात ठेवला.
'थांब, माइतेन. एका उतारूसाठी गाडी सोडत नाहीत.'
'बाबा, हा खेळ आहे.'
'मग खेळात सोडतात का?'

माझी गुंडी नवावर होती.
कुत्र्याशिवाय मागे आणणारं कुणी
मी पटावर ठेवलंच नव्हतं.
'सातावर यायला मला वाट नाही,' मी म्हटलं.
'मग लिही.'

केक तसाच राहिला. मी लॅपटॉप आणला,
की-बोर्डवर क्रीम सांडलं, वायर मिठाच्या बरणीवरून गेली.
बाबांनी खुर्ची ओढली, चष्मा कपाळावरून खाली घेतला.
'जर,' मी लिहिलं.
'पुढे?' ते म्हणाले.
सातव्या घराचा दिवा तेवढा वेळ
लागूनच होता,
बॅटरी खात.