चार हजार एकशेसाठ

फक्त चार हजार एकशेसाठ बाइट मागितले होते त्याने.
तेवढ्यात एखादं पत्र मावतं, तेही आटोपशीर.
मेमरी संपली, म्हणाला कंपायलर,
आणि भरल्या ताटावरून उठावं तसा उठला.

तॉर्शहाव्नला दुपारी तीनलाच दिवे लागलेले.
रानवाने मोजून पाहिलं : चौसष्ट जीबी बसवलेली,
एक्कावन्न रिकामी.

मग सगळे करतात ते तिनेही केलं.
ऑप्टिमायझेशन उतरवलं. एका वेळी एकच फाइल.
स्वॅप वाढवली, तिला कुणी बोटही लावलं नाही.
भरती-ओहोटीच्या कोष्टकांची ती अजस्र फाइल
मधोमध चिरली; डावी निघाली, उजवी अडली.
मेमरीच्या पट्ट्या काढून, पुसून, परत बसवल्या.
शेवटी शिवी दिली. तिकडे आईवरून देत नाहीत,
सैतानावरून देतात.

रात्री आठला सुचलं विचारायचं,
यंत्राला नव्हे, आपल्याच शेलला :
मला मुभा किती?
यूलिमिट. डेटापुढे आकडा :
पाच लाख चोवीस हजार दोनशे अठ्ठ्याऐंशी किलोबाइट.
म्हणजे अर्धा जीबी.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, खरंच.
पण अंथरूण या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत
आणि पायच कुणी बांधून ठेवलेले असले तर?

वाढवू गेली तर नकार. वरची कडी रूटच्या हातात.
फाइल सापडली, वीस वर्षांत कुणी न उघडलेली,
त्या ओळीवर शेरा : ‘पुन्हा नाही. — या.’

यालमार आता सांदोयला मेंढ्या राखतो.
फोनमध्ये आधी वारा आला, मग तो.
“त्या जानेवारीत एका पोराची प्रोसेस
सगळं यंत्र गिळून बसली. एकच जीबी होती तेव्हा.
वादळाचा इशारा मागे रांगेत. चाळीस मिनिटं.
नाही, बुडालं कुणी नाही.
माझा भाऊ बाहेर होता, एवढंच.”

बराच वेळ नुसता वारा.

“आमच्या कुरणावर मेंढ्या बावन्न.
गवत कितीही माजो, त्रेपन्नावी नाही.
पण आकडा अधूनमधून बसून पुन्हा ठरवायचा असतो गं.
ते सांगायचं राहिलं तुला.”

तिने ओळ पुसली नाही. सोळा जीबी लिहिलं.
शेरा तसाच ठेवला, खाली तारीख घातली, आणि ‘र.’
बाहेर पडून पुन्हा लॉगिन केलं,
कारण उघड्या सत्राला नवा कायदा कळत नाही.

अकरा मिनिटं. मग काहीच नाही.
काम झालं की कंपायलर बोलत नाही,
कर्सर तेवढा लुकलुकत राहतो.

वाढवलेली स्वॅप काढायची राहून गेली.
आहे ती अजून तिथे, कोरी.