कंटिन्युइटी

ओवळ्याच्या बंगल्यापाशी रिक्षावाला म्हणाला,
शूटिंग बघायला का, मावशी?
म्हटलं, शिकवायला.

शिकवायचं होतं लंगडणं.
शलाका, वय चोवीस, पाय दोन, दोन्ही उत्तम.
मी सुलभा गव्हाणकर, वय एकोणपन्नास,
डावा पाय पोलिओचा, उजव्यावर सगळा संसार,
तेरा एकांकिका, तीन वेळा उत्तेजनार्थ,
प्रमाणपत्रावर छापलेलं : अशा अवस्थेतही.

सेटवर उतार होता. काळ्या दगडाचा, देखणा,
नायिकेसाठी मुद्दाम बांधलेला.
मी कुबडी टेकणार तेवढ्यात आर्टवाला ओरडला,
मॅडम नको, थर्माकोल आहे!
खऱ्या बाथरूमला तीन पायऱ्या.
सकाळपासून मी पाणी प्यायले नव्हते.
नाव सुलभा असलं तरी
हे मला घरूनच माहीत असतं.

पोरगी मेहनती. फक्त कंबर फार टाकायची.
म्हटलं, एवढं नको गं,
आम्ही लंगडतो ते दिसावं म्हणून नाही,
पोचावं म्हणून.
तिनं वहीत लिहून घेतलं.
मग चालली,
आणि माझी चाल माझ्यासमोरून निघून गेली
केस मोकळे सोडून.

चहाच्या वेळी अभिरामला विचारलं,
तीन दिवस जिभेखाली ठेवलेलं :
आमच्यातली एखादी मुलगी का नाही घेतलीत?
कळव्यात एक आहे, अशी रडते की विंगेतला
पडदेवाला दोरी विसरतो.
तो म्हणाला, घेतली असती हो,
पण दोनशेव्या भागात पाय बरा होतो.
आणि खरंच दिलगिरीनं
त्यानं माझ्या पायाकडे पाहिलं,
चांगल्या नटाची तारीख जुळू नये तसं.

त्यांनी आणलेली कुबडी नवीकोरी, मुकी.
माझी मागितली. हिरव्या टेपची,
काखेशी टॉवेलचं फडकं गुंडाळलेली.
एकदा फ्रेममध्ये आली की बदलता येत नाही म्हणे.
मी दुसरीवर घरी आले.
व्हाउचरवर : कुबडी भाडे, नग एक.
शिकवण्याचा रकाना नव्हता.

वर्तकनगरात आमच्या मजल्यावर
डिंगणकर वहिनी रोज साडेआठला हाक मारायच्या,
सुलभाताई, या लवकर, तुमची कुबडी आली!
मी जायचे.
घरातलं माणूस टीव्हीवर दिसतं
तेव्हा जातातच ना सगळे.

दोनशेवा भाग.
देवीचा घाट, धूर, संबळ, कुठूनसा वारा.
शलाकानं कुबडी भिरकावली आणि धावली.
वहिनींनी हात जोडले,
मग मी शेजारी बसलेय हे आठवून सोडले,
रिमोट घेऊन आवाज कमी केला.
म्हटलं, वाढवा.

कुबडी पायऱ्यांवरून खाली येत होती.
ठक्. मग जरा थांबून, टक्.
रबर झिजलंय त्या बाजूनं येतो तो आवाज,
कुणाला तो डब करता आला नव्हता.
पहाटे दूध आणायला निघाले की
जिन्यात सगळी बिल्डिंग ऐकते तोच.
वहिनी म्हणाल्या, अगंबाई.
बाकी काही बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी प्रॉडक्शनला फोन केला.
पलीकडचा मुलगा नवा होता, नम्र.
मॅडम, तिचं काम संपलं आता.

म्हटलं, मग घरी सोडा तिला.
इतरांना सोडता तशी.
गाडीनं.