पावशेर

विज्ञान दिनाला प्रयोगशाळेतल्या फोटोंना
झेंडूचे हार घातले होते.
एकाच्या नाकावर पाकळी चिकटलेली,
ती दुपारपर्यंत कुणी काढली नाही.
निंबाळकर मॅडम म्हणाल्या, सांगा एकेक जण,
तुमची प्रेरणा कोण?
पहिल्या बाकापासून सुरुवात झाली.
दिवा, सफरचंद, रेडियम, दिवा, अग्निबाण, पुन्हा दिवा.
माझी पाळी आली. मी म्हटलं, द. वि. को.

कोण?

मलाही माहीत नाही, मॅडम.

वर्ग हसला. घंटा झाली. बरं झालं,
असं उभ्या उभ्या सांगता आलंच नसतं.

मांडवीजवळच्या ग्रंथालयात जमीन काचेची आहे.
खालच्या मजल्यावर पुस्तक शोधताना
डोक्यावरून कुणाच्या तरी चपला जातात,
धूसर, मासे गेल्यासारख्या.
तिथं मला ते सापडलं, विजेवरचं जुनं मराठी पुस्तक,
मुखपृष्ठ गेलेलं, लेखकाचं नाव वाळवीनं नेलेलं.
तारेवरच्या लेपाला त्यात म्हणत ‘रोधक वेष्टन’.
बाबांच्या दुकानात त्याला नुसतं पॉलिश म्हणतात.

पान त्र्याण्णव.
मऊ लोखंडाच्या कांबीवर दोनशे चाळीस वेढे द्यावेत,
एक विद्युत्घट जोडावा,
अर्धा शेर वजन सहज उचलले जाईल.
आणि बाजूला समासात, टोक काढलेल्या पेन्सिलीनं:
‘अर्धा नव्हे, पावशेर. दोनदा करून पाहिले.
द. वि. को., १२-९-३४.’

बस्स.
कुठली गल्ली, कुठली इयत्ता,
पुढं काय झालं त्याचं, की तिचं, काही नाही.
छापलेल्या ओळीला ‘नव्हे’ म्हणणारं माणूस
मी तोवर पाहिलं नव्हतं.
आमच्या घरी दूधवाल्याच्या हिशेबालाही
कुणी नव्हे म्हणत नाही.

मकरपुऱ्यात बाबांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान.
जळक्या मोटारींचं पोट उघडायचं,
काळी तार ओढून काढायची, नवी भरायची.
रविवारी मी रिळाच्या तळाशी उरलेली तार घेतली,
भंगारातून एक लोखंडी वजन, दोनशे ग्रॅमचं,
आणि वेढे मोजत बसले.
एकशे बाराला फोन वाजला.
पुन्हा एकपासून.
एकशे नव्वदला बाबांनी विचारलं, जेवलीस का.
पुन्हा एकपासून.
दोनशे चाळीस.
सेल जोडला.
काही नाही. टाचणीसुद्धा हलेना.

तेव्हा मला त्या ‘दोनदा’चा अर्थ लागला.
पहिल्यांदा आणि दुसऱ्यांदा, यांच्यामध्ये
त्याचीही एक अशी दुपार गेली असणार,
समासात न मावलेली.

रसिकभाई समोर मोटार बांधत होते.
मान वर न करता म्हणाले, छेडो घस, बेन.
तारेच्या टोकांचं पॉलिश मी खरवडलंच नव्हतं.
रोधक वेष्टन! पाठ होतं मला, व्याख्येसकट.
बाबांनी न बोलता ब्लेड पुढं केलं.
टोकं उघडी झाली, लालसर, नुकत्या निघालेल्या खपलीखालच्या कातडीसारखी.
मी कांब उचलली
आणि तिच्यामागे वजन उठलं.
बोटभर.
श्वास धरून चार आकडे मोजले.
मग ठण्ण. रसिकभाईंचा चहा सांडला.

पाचशेचं लावून पाहिलं.
जागचं हललं नाही.
एका पेन्सिलीच्या ओळीचा ताळा
नव्वद वर्षांनी जुळत होता,
आणि सांगायला जवळपास कुणी नव्हतं.
बाबांना सांगितलं. ते म्हणाले, तार किती गेली?

पुस्तकात लिहिणं गुन्हा आहे,
ग्रंथालयाच्या दारातच पाटी आहे,
गुजरातीत आणि इंग्रजीत. मराठीत नाही.
एवढी फट मला पुरली.
‘पावशेर बरोबर. चार सेकंद.
टोकं घासायला विसरू नये.’
तारीख घातली.
खाली दोन बोटं जागा कोरी सोडली,
आणि पुस्तक होतं तिथंच ठेवलं.
वरून कुणाच्या तरी चपला
सावकाश गेल्या, थांबल्या, परत फिरल्या.