पाऊणकी

संचालकबाई म्हणाल्या : केंद्राचा इतिहास लिही,
दोन पानं, फोटोंना जागा सोडून.
शुक्रवारपर्यंत.
समारोपाच्या दिवशी वाटायचाय.

लिहिते.
सन एकोणीसशे अकरा. फ्लोरिडाचं दक्षिण टोक,
मॅरेथॉन गावापासून होडीनं वीस मिनिटं
(गावाचं नाव मॅरेथॉन, धावताना कुणी दिसत नाही),
खारफुटीचं बेट, वस्ती शून्य, डास पुष्कळ.
प्रोफेसर थ्रॅशर यांनी चार खांबांवर एक खोली उभारली,
स्पंजाला जखम केली तर किती दिवसांत भरते
ते बघायला.
त्यांच्या बाईसाहेब तेच स्पंज जलरंगात काढत.
एकाही चित्रात जखम नाही.

हे पहिल्या पानावर बसतं.

मग इलायस पिंडर, बहामाचा, नावाडी.
रोज सकाळी सहाला धक्क्यावरून बादली सोडायचा
आणि समुद्राचा ताप बघायचा.
चोवीस वर्षं. चुकलेले दिवस अकरा,
मी मोजलेत.
त्यातले दोन लग्नाचे, एक त्याच्या, एक मुलीच्या.
उरलेल्या नवांचं कारण रजिस्टरात नाही.

पस्तीस सालचं वादळ.
एक सप्टेंबर : अठ्ठ्याऐंशी अंश, पेन्सिलीनं.
दोन सप्टेंबर : ओळ आखलेली, कोरी.
भरतीमापकाचं घड्याळ वर्षानं मिळालं
तीन मैलांवर, मुळांच्या जाळ्यात,
काट्यांवर कालवं धरलेली.
इलायस मिळाला नाही.

पुढं युद्ध, सिमेंट, जनरेटर,
फ्रीझरवर चिठ्ठी : 'यात जेवण ठेवू नये',
खाली दुसऱ्या अक्षरात : 'हेच जेवण आहे'.
संचालक आले, गेले, एकाचा घटस्फोट इथंच झाला.
घेऊ का इतिहासात?

मी आले त्र्याऐंशीत,
काळी समुद्रसाळिंदरं पटापट मरत होती त्या उन्हाळ्यात.
पद तंत्रसहायक, काम बाटल्या धुण्याचं.
वेंगुर्ल्याच्या बंदरावर माझे वडील कस्टमात कारकून.
ते म्हणायचे, तिथीची पाऊणकी म्हण,
भरतीची वेळ हातात येते.
पाच पाऊण पावणेचार. आठ पाऊण सहा.
मी आत्याकडून टपालानं पंचांग मागवलं
आणि बेटावर म्हणून पाहिलं.
चुकलं.
दुसऱ्या दिवशी पुन्हा चुकलं, तेवढंच.
तीन महिने रोज अडीच तासांनी चुकत राहिलं,
इतकं नेमानं, की मला या समुद्राचा भरवसा वाटू लागला.

हॅस्केट तेव्हा संचालक. हसले,
मग खुर्ची ओढून बसले,
मग मार्करनं भिंतीवर लिहिलं :
तिथी, गुणिले पाऊण, वजा अडीच.
विद्यार्थी त्याला मांजरेकर म्हणत, पुढं नुसतं मांज.
'आज मांज काय म्हणतं?'
भिंत दोनदा रंगवली. रंगाऱ्यांनी तेवढा चौकोन सोडला.
हे कुठल्या पानावर बसवू?

शेवटून दुसरा परिच्छेद : तेवीस सालचा जुलै.
बादलीतलं पाणी सत्त्याण्णव,
माणसाच्या अंगाइतकं.
नर्सरीतली प्रवाळं काढून, ओल्या फडक्यात झाकून
ट्रकनं जमिनीवरच्या टाक्यांत नेली.
सगळ्या केंद्रात बादल्या सव्वीस. सगळ्या लागल्या.
मी ट्रकच्या मागं बसले होते, रस्ता खराब,
वळणावर प्रत्येक वेळी थोडा समुद्र सांडत होता.

शेवटचा परिच्छेद विमा कंपनीचा. तो त्यांच्या पत्रातूनच उतरवते.

आज गुरुवार. दोन पानांची सात झाली.
उद्या एकादशी.
अकरा पाऊण सव्वाआठ, वजा अडीच,
पावणेसहाला पाणी धक्क्याच्या तिसऱ्या पायरीवर असेल.
सहाला मी बादली सोडेन.
मग रजिस्टर बांधून विद्यापीठाकडे पाठवायचं, अशी सूचना आहे.

पट्टी घेतली आहे.
शनिवारची ओळ आखते.